अभ्यासिकेत टीबीचा पेशंट निघाला, बाकीच्यांना धोका किती? बंद हॉलमधल्या हवेचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पेठेतली अभ्यासिका, एकच हॉल, ३० बाय १८ फूट, उंची १० फूट, ४० खुर्च्या, दोन स्प्लिट एसी, खिडक्यांना काळी फिल्म लावून त्या कायमच्या बंद, आणि मुलं रोज दहा-दहा तास बसतात. त्यातल्या एकाला फुप्फुसाचा टीबी निघालाय, महिनाभर तो तिथेच खोकत अभ्यास करत होता. मालकाने एसी धुऊन घेतले, फॉगिंग मारलं आणि आता सगळं ओके म्हणतोय. तुम्हाला कळायला हवंय की धोका नेमका किती, तो मोजता येतो का, आणि तुम्ही त्याच्यापासून चार रांगा लांब बसायचात म्हणून सुटलात का.

मी इमारतींच्या हवेचं काम करतो, जास्त करून हॉस्पिटलं आणि टीबी वॉर्ड, अधूनमधून ऑफिसं आणि क्लासेस. त्यामुळे हवेचं मी सांगतो, पण आधी तब्येतीचं उरकून घ्या, कारण ते जास्त अर्जंट आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा महापालिकेच्या टीबी सेंटरला जाऊन स्पष्ट सांगा की मी फुप्फुसाच्या टीबीच्या पेशंटसोबत महिनाभर एका बंद हॉलमध्ये बसलोय. तपासणी फुकट आहे, गरज पडली तर प्रतिबंधक गोळ्याही मिळतात. खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं यातलं काही असेल तर वाट बघत बसू नका. आणि घाबरूनही जाऊ नका, संसर्ग होणं आणि आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष टीबी होतो.

आता हवा.

चार रांगा लांब बसण्याचा फायदा थोडाच. अगदी शेजारच्या खुर्चीवरच्याला धोका जास्त असतो हे खरं, कारण तोंडातून निघालेला झोत ताजा आणि दाट असतो, पण टीबीचे जंतू ज्या बारीक कणांवरून जातात ते जमिनीवर पडतच नाहीत, तासन् तास तरंगतात. वर दोन एसी हवा घुसळत असतात म्हणजे पाच-दहा मिनिटांत ते हॉलभर पोचले. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की बाहेरच्या खोलीतला माणूस ठसकतो तसंच हे, फरक एवढाच की इथे ठसका लागत नाही म्हणून कळत नाही. १९७४ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत गोवरची साथ आली होती, तिथे एका मुलीपासून २८ मुलांना लागण झाली आणि ती मुलं १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती! ज्यांच्याशी तिची गाठही पडली नव्हती अशीही त्यात होती. शाळेची यंत्रणा एका वर्गातली हवा घेऊन बाकीच्या वर्गांत फिरवत होती. तेव्हा अंतर मोजून फारसं काही हाती लागत नाही, मोजायचं ते हे की दुसऱ्याचा श्वास तुमच्या वाट्याला किती येतोय आणि किती तास.

हे मोजण्याची पद्धत जुनी आहे आणि तिचा उगम टीबीतच आहे. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या दोघांनी १९५० च्या दशकात बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलमध्ये सहा खाटांच्या टीबी वॉर्डची सगळी हवा पाइपने वर नेऊन गिनी पिगच्या पिंजऱ्यांत सोडली. पेशंट आणि प्राणी यांचा बाकी काहीच संबंध नाही, फक्त हवा, तरी प्राण्यांना टीबी झाला. ज्या पिंजऱ्यांत तीच हवा अल्ट्राव्हायोलेटने निर्जंतुक करून सोडली तिथे झाला नाही. आणखी एक गोष्ट तिथे दिसली जी आजही लोक विसरतात, की सगळे पेशंट सारखे पसरवत नाहीत, मोजक्या काही जणांनीच बहुतेक लागण केली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या कामातून जे सूत्र निघालं त्याला वेल्स-रायली समीकरण म्हणतात. त्यात संसर्गाचा डोस ‘क्वांटम’मध्ये मोजतात. एक क्वांटम म्हणजे तेवढा डोस की सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला एक-एक आला तर १०० पैकी ६३ जणांना लागण होईल. पेशंट तासाला किती क्वांटा (क्वांटमचं अनेकवचन) सोडतो, तुम्ही किती हवा आत घेता, हॉलमध्ये ताजी हवा किती येते आणि तुम्ही किती तास बसता, हे घातलं की उत्तर निघतं. अडचण अशी की ताजी हवा किती येते हे बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये कुणालाच माहिती नसतं, मालकाला विचारलं तर तो एसीचे टन सांगतो. टनाचा इथे काडीचा संबंध नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच हवा गार करून परत तुमच्या तोंडावर मारतो, बाहेर जो डबा असतो तो फक्त उष्णता टाकायला.

म्हणून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मोजायचा. माणूस जो श्वास सोडतो त्यात सीओटू साधारण ४०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग) असतो आणि बाहेरच्या हवेत ४२० ते ४५०. हॉलमध्ये बाहेरच्यापेक्षा जेवढा जास्त दिसेल तेवढा सगळा कुणाच्या ना कुणाच्या छातीतून आलेला. तुमच्यासारख्या हॉलमध्ये दुपारी चारच्या सुमाराला मीटर २,४०० च्या आसपास दाखवणं अजिबात नवल नाही, तर तोच आकडा धरून चालू, तुमचा मोजलात की तुमचा घाला. २,४०० मधून बाहेरचे ढोबळमानाने ४०० वजा केले, उरले २,०००. भागिले ४०,०००, म्हणजे ५ टक्के. याचा अर्थ तुम्ही घेतलेल्या दर २० श्वासांतला एक श्वास आधी दुसऱ्या कुणीतरी वापरून सोडलेला आहे. हॉलमध्ये ४० जण, त्यातला आजारी एक, म्हणजे त्या विसातल्या एकाचा पुन्हा चाळिसावा भाग त्याचा, ८०० श्वासांत एक. बसलेला माणूस तासाला ९०० च्या आसपास श्वास घेतो. म्हणजे दर तासाला त्या मुलाच्या छातीतून आलेला एक पूर्ण श्वास तुमच्या छातीत जात होता, चार रांगा लांब बसूनही. हा हिशोब मी क्लासच्या मालकांना सांगतो तेव्हा टक्केवारी ऐकून मान डोलावणारे लोक इथे आल्यावर गप्प होतात.

आता क्वांटा घालू. रायलींच्या वॉर्डात पेशंटमागे सरासरी तासाला १.२५ क्वांटा निघाले होते. तुम्ही रोज १० तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २५० तास त्याच्यासोबत बसलात असं धरलं तर संसर्गाची शक्यता साधारण ३२ टक्के येते. एका दिवसाची म्हणाल तर दीड टक्का. त्यामुळे ‘मी एक-दोनदाच गेलो होतो’ म्हणणारा आणि रोज कुलूप उघडण्याआधी दारात उभा असणारा यांना एका मापात धरू नका.

पण ३२ हा आकडा फ्रेम करून भिंतीवर लावू नका. अमेरिकेतल्या एका ऑफिसचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहिती असतं, तिथे एका बाईंना टीबी होता, चार आठवडे म्हणजे कामाचे १६० तास त्या ऑफिसात होत्या आणि ६७ सहकाऱ्यांपैकी २७ जणांना संसर्ग झाला. त्यावरून मागे हिशोब केला तर तासाला १३ च्या आसपास क्वांटा निघतात, वॉर्डाच्या दहापट. ते १३ तुमच्या हॉलला लावले तर उत्तर ३२ नाही, ९८ टक्के येतं. आणि श्वसननलिकेत दुर्बीण घालताना, नळी टाकताना वगैरे तर तासाला २५० पर्यंतचा अंदाज आहे. तुमच्या मित्राचा आकडा १ होता की १३ हे कुणीही सांगू शकत नाही, कारण तेच, सगळे सारखे पसरवत नाहीत. थुंकीच्या रिपोर्टमध्ये जंतू भरपूर दिसले होते का, छातीच्या एक्स-रेमध्ये पोकळी होती का, खोकला किती होता, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात, बस्स.

मग हिशोबाचा उपयोग काय? तुलनेला. हे मी सगळ्यांना सांगून थकलोय तरी लोक मला एकच टक्केवारी मागतात. तोच हॉल, तीच मुलं, तेच २५० तास, फक्त सीओटू २,४०० ऐवजी ८०० वर आणला असता तर १.२५ क्वांटावाल्या पेशंटपासून धोका ३२ वरून ७ टक्क्यांवर आला असता. १३ वाल्यापासून ९८ वरून ५५-५६ वर. पहिल्या केसमध्ये हवेने जवळजवळ काम फत्ते केलं, दुसऱ्यात अर्धवट. म्हणजे हवा सुधारणं प्रत्येक वेळी फायद्याचंच, पण जोरदार पसरवणारा माणूस महिनाभर आत बसला तर नुसत्या हवेने भागत नाही, तिथे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकणाऱ्याला थुंकी तपासायला पाठवणं हाच मोठा उपाय. जगातल्या टीबीचा जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे, त्यात अभ्यासिकेतला पोरगा खोकला म्हणजे धुळीचा, मेसच्या तेलाचा, एसीचा, असं सगळे म्हणतात आणि तोही परीक्षा जवळ आली म्हणून ढकलत राहतो.

डब्ल्यूएचओ आणि युरोपातल्या सर्न या संस्थेने मिळून २०२४ मध्ये ‘एरिया’ नावाचं फुकट ऑनलाइन कॅल्क्युलेटर काढलंय, खोलीचं माप, खिडक्या, माणसं, मास्क वगैरे टाकलं की धोका सांगतं. चांगलं आहे, पण ते कोविडसाठी बनवलंय, टीबीचा आकडा म्हणून त्याचं उत्तर वापरू नका. खिडकी उघडली तर किती फरक पडतो हे मालकाला स्क्रीनवर दाखवायला मात्र झकास.

मीटरचं सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. बाजारात स्वस्तातले जे सीओटू मीटर मिळतात त्यातल्या पुष्कळांमध्ये सीओटूचा सेन्सरच नसतो, वासाचे वायू मोजून ते सीओटूचा आकडा ‘अंदाजाने’ दाखवतात. ओळखायची सोपी ट्रिक म्हणजे सॅनिटायझर हाताला चोळून हात मीटरजवळ न्या, आकडा एकदम उसळला तर मीटर परत करा. खऱ्यात इन्फ्रारेड सेन्सर असतो, बॉक्सवर एनडीआयआर लिहिलेलं असतं. आणल्यावर आधी गच्चीत किंवा रस्त्यापासून लांब मोकळ्या हवेत वीस मिनिटं ठेवा, ४२० ते ४५० च्या आसपास यायला हवा. मग हॉलमध्ये बसलेल्याच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा, खिडकीत नाही, एसीच्या झोतात नाही आणि कुणाच्या तोंडासमोर तर नाहीच, निदान तीन-चार फूट लांब. सकाळी नऊला बघून ‘७०० आहे, मस्त आहे’ म्हणू नका, हॉल भरून दोन तास झाल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही. आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असताना आलेला कमी आकडा हवेचा नसतो, रिकाम्या खुर्च्यांचा असतो.

रात्रीची एक टेस्ट जरूर करा, मला ती सगळ्यात आवडते. शेवटचा मुलगा गेला की दार लावून घ्या, मीटर आत ठेवा, एक पंखा चालू राहू द्या. समजा सगळे गेले तेव्हा २,४०० होता आणि एका तासाने १,१५० च्या आसपास आला. म्हणजे जास्तीचे २,००० होते त्यातले सव्वासातशे-साडेसातशे राहिले, ३७ टक्के. जास्तीचा सीओटू ३७ टक्क्यांवर यायला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात हॉलची हवा एकदा बदलली असं धरायचं, म्हणजे इथे तासाला एक. बंद अभ्यासिका बहुतेक वेळा याच्या आसपास किंवा याहूनही वाईट निघते. दिवसा जो थोडा बरा आकडा येतो तो दार सारखं उघडतं म्हणून, चहाला जाणाऱ्यांची कृपा.

याच टेस्टवरून फॉगिंगचाही निकाल लागतो. तासाला एकदाच हवा बदलत असली तरी साडेचार-पाच तासांत हवेतले ९९ टक्के कण बाहेर गेलेले असतात. सकाळी दार उघडता तेव्हा कालचा टीबी हवेत उरलेला नसतो, फॉगिंग करा नाही तर नका करू. टेबल-खुर्चीवरून टीबी पसरत नाही. एसीची जाळी धुणं चांगलंच, बिल कमी येतं, पण ती जाळी धूळ आणि केस अडवते, जंतूंचे कण नाही. मालकाने पैसे खर्च केले यात वाद नाही, फक्त ते चुकीच्या जागी गेले.

आता हवा किती हवी. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तासाला ५ वेळा हवा बदलण्याचं टार्गेट दिलं आणि तो आकडा आता सगळीकडे फिरतोय. पण तो तुमच्या हॉलला लावू नका. तुमचा हॉल ५,४०० घनफुटांचा, म्हणजे १५० घनमीटर. ५ वेळा म्हणजे तासाला ७५० घनमीटर, ४० जणांत वाटले तर माणशी सेकंदाला ५ लिटर. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये घरं आणि हॉस्पिटलं सोडून बाकी जागांसाठी सांगितलेत माणशी १० लिटर. ४० माणसं १० लिटरवर न्यायची तर तासाला साडेनऊ वेळा हवा बदलावी लागते. आणि संसर्गाचा धोका असताना काय करायचं यासाठीचं जे अमेरिकेतल्या अॅशरे या एसी-हवेच्या इंजिनिअरांच्या संघटनेचं २४१ नंबरचं स्टँडर्ड २०२३ मध्ये आलं ते वर्गखोल्यांना माणशी २० लिटर मागतं, तुमच्याकडे तासाला १९ वेळा! गर्दीच्या खोलीत ‘तासाला किती वेळा’ हा आकडा फसवतो, माणशी लिटर बघा. तुमचे २,४०० पीपीएम म्हणजे माणशी अडीच लिटर, दिवसा तासाला २.४ वेळा. २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझूमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये एका टेबलावरून शेजारच्या दोन टेबलांवरच्या कुटुंबांना कोविड झाला होता, तिथे एक्झॉस्ट बंद होते, एसी तीच हवा फिरवत होता आणि मोजमाप केल्यावर माणशी १ लिटरच्या आसपास निघालं.

उपायांत पहिला नंबर एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूची उघडी खिडकी. नुसता एक्झॉस्ट लावून बाकी सगळं बंद ठेवलं तर तो फॅन फिरतो, आवाज करतो आणि हवा कुठून आणणार? दाराच्या फटीतून, किंवा टॉयलेटमधून. १२ इंची फॅनच्या डब्यावर तासाला हजार किंवा त्याहून जास्त घनमीटर लिहिलेलं असतं, भिंतीत बसवल्यावर जाळी-झडपेसकट त्याच्या अर्धं धरा. तुम्हाला १० लिटरसाठी १,४४० लागतात, म्हणजे हजारवाले असतील तर तीन फॅन. आणि विरुद्ध बाजूला सगळी मिळून तीन चौरस फूट मोकळी जागा, कायम उघडी, फिल्मबिल्म काढून. बसवल्यावर उदबत्ती लावून हॉलभर फिरा, खिडकीपाशी धूर आत वळला पाहिजे, फॅनपाशी बाहेर ओढला गेला पाहिजे, आणि मधल्या कोपऱ्यांत तो नुसता उभा राहत असेल तर तिथे एक भिंतीवरचा पंखा लावा. मालक म्हणेल एसीचं काय. खरं आहे, एप्रिल-मेमध्ये ३५ डिग्रीची हवा आत घेऊन २६ वर आणायला सव्वा टनाच्या आसपास जास्तीचा लोड येतो, म्हणजे दीड टनाचा एक एसी वाढवावा लागेल आणि बिल वाढेल. ते ४० जणांत वाटलं तर महिन्याच्या फीमध्ये किती पडतं ते त्याला काढू दे. जून ते फेब्रुवारी पुण्यात एसी लावायची तशीही हौसच असते.

एक्झॉस्ट कुठे सोडताय ते बघा. पेठेतल्या बिल्डिंगमध्ये मधला डक्ट दिसला की इलेक्ट्रिशियन फॅनचं तोंड तिकडेच करतो, आणि त्याच डक्टमध्ये वरच्या तीन मजल्यांची बाथरूमं उघडतात. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये सार्सचे ३०० हून जास्त पेशंट निघाले, त्यात सांडपाण्याचे सुकलेले ट्रॅप (पाइपातले पाणी भरलेले बाक, जे खालची हवा अडवतात), बाथरूमचे जोरदार एक्झॉस्ट आणि मधली अरुंद शाफ्ट यांचा हात होता. रस्त्याकडे किंवा मागच्या मोकळ्या जागेत सोडा. मागे मोकळी जागाच नसेल तर अवघड आहे, आणि ही अडचण अभ्यासिकेपुरती नाही. मुंबईत एम-पूर्व वॉर्डातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झालाय, जिथे इमारती एकमेकींना जवळजवळ चिकटून आहेत, घरांत ऊन-वारा पोचत नाही, तिथे टीबी जास्त सापडला. खिडकी असून भागत नाही, खिडकीबाहेर वारा लागतो.

‘दर दोन तासांनी पंधरा मिनिटं खिडक्या उघडू’ हा तोडगा मालकाला फार आवडतो कारण फुकट आहे. पंधरा मिनिटांत सीओटू खाली येतो, बरं वाटतं, आणि खिडक्या लावल्यावर ४० जणांच्या हॉलमध्ये तासाभरात तो पुन्हा ९० टक्क्यांवर जाऊन बसतो. दिवसभराचा धोका मोजला तर फार तर चार आणे कमी होतो. काहीच नसण्यापेक्षा करा, पण त्यावर समाधान मानू नका.

एक्झॉस्टला भोक पाडायची परवानगीच नसेल तर हेपा फिल्टरचे प्युरिफायर. बॉक्सवर सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र तासाला किती साफ हवा देतं तो आकडा, तासाला ३०० घनमीटरचे दोन लावले तर तुमच्या हॉलमध्ये तासाला ४ वेळा हवा साफ केल्यासारखं होतं, आत्ताच्या २.४ मध्ये ते मिळवले की ६.४, म्हणजे हवेतला डोस आधीच्या ३८ टक्क्यांवर येतो. दोन भानगडी आहेत. एक, तो आकडा फुल स्पीडचा असतो, फुल स्पीडला आवाज येतो, आणि अभ्यासिकेत कुणीतरी हमखास उठून तो स्लो करतो, मग हिशोब कोसळला. गरजेपेक्षा जास्त नग घेऊन मधल्या स्पीडला चालवा. दोन, प्युरिफायर सीओटू काढत नाही, त्यामुळे मीटर २,४०० च दाखवत राहील आणि दुपारच्या डुलक्याही तशाच राहतील, तिथे मीटरवरून धोका काढायचा नाही, प्युरिफायरचं वेगळं मिळवायचं. आयोनायझर, ओझोनवाली यंत्रं, सुगंधी काहीतरी सोडणारे डबे, यांच्या नादी लागू नका. छताजवळ लावायचे अल्ट्राव्हायोलेटचे दिवे मात्र खरोखर चालतात, टीबी वॉर्डात मी स्वतः बसवून घेतो, पण त्याला छताची पुरेशी उंची लागते आणि किरण डोळ्यांच्या पातळीवर येत नाहीत ना हे मोजून बघणारा माणूस लागतो. १० फुटांच्या हॉलमध्ये ऑनलाइन मागवलेली ट्यूब स्वतः लावू नका, डोळ्यांना इजा होईल.

जुनी बांधकामं याबाबतीत नव्यांपेक्षा सरस असतात हे पेरूत लिमाच्या हॉस्पिटलांत मोजून झालंय. १९५० च्या आधीचे उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे वॉर्ड खिडक्या-दारं उघडी असताना तासाला ४० वेळा हवा बदलत होते, नवे १७ वेळा, आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्या १२ वर. आपल्याकडची जुनी सिव्हिल हॉस्पिटलं आठवा, कौलारू, वर झरोके, दोन्ही बाजूंना व्हरांडे. ती ज्यांनी बांधली त्यांच्याकडे टीबीवर औषधच नव्हतं, हवाच होती. हल्ली त्याच वॉर्डात फॉल्स सीलिंग टाकून एसी लावतात आणि मग मला बोलावतात.

मास्कचं एका ओळीत: नीट बसलेला एन-९५ उपयोगी आहे पण दहा तास रोज कुणी घालत नाही, खोकणाऱ्याने तपासणी होईपर्यंत साधा मास्क घालणं जास्त कामाचं.

राहिला तो मुलगा. औषधं चालू झाली आणि ती लागू पडत असली की त्याच्यापासून पसरणं फार लवकर कमी होतं, साधारण दोन आठवड्यांनंतर डॉक्टर त्याला लोकांत मिसळायला हरकत नाही असं सांगतात, औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर जास्त थांबावं लागतं. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याला त्याची खुर्ची द्या. औषध चालू असलेल्या त्याच्यापेक्षा हॉलमधला दुसरा कुणी न तपासलेला खोकणारा जास्त धोक्याचा आहे, आणि एकाला हाकललेलं बाकीच्यांनी पाहिलं की पुढचा माणूस खोकला लपवतो. मालकाशी बोलायला जाताना आकडा घेऊन जा, तक्रार नको. तीन दिवसांचं रीडिंग दर तासाला लिहून काढा, बाजूला त्या वेळी हॉलमध्ये किती जण होते ते, आणि रात्रीच्या टेस्टचा कागद. फॅन बसले की तेच तीन दिवस पुन्हा मोजा. हॉल भरलेला असताना दुपारी चारला १,००० च्या खाली आला तर ४० खुर्च्या चालतील, १,५०० वर अडकला तर अजून एक फॅन किंवा खुर्च्या ४० च्या २०, यातलं काय परवडतं ते त्याला ठरवू द्या.